दारावरचं वाक्य

बाईंच्या वर्गातली भिंत वाचायची तर काळीज घट्ट असावं लागे. खिडकीवरच्या खिळ्यापासून फळ्याच्या कडेपर्यंत सुतळी ताणलेली होती आणि तिच्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुठ्ठे लटकवलेले होते. चपलांच्या खोक्यांचे कापलेले पुठ्ठे, आणि प्रत्येकावर जाड काळ्या शाईत एकेक वाक्य. ‘मामाने मांजर पोत्यात घालून आपटलं.’ ‘दादाने माझ्या नाकावर बुक्की मारली, रक्त चड्डीवर पडलं.’ ‘आत्या केस धरून ओढते आणि मग गोळी देते.’ ‘आमच्या गल्लीत एकाचं डोकं फुटलं, ते आतून गुलाबी असतं.’ मधेच कुठे ‘माझा दात पडला’ असायचं, पण ते शोधावं लागे.

तपासणीला साहेब यायचे असले की मुख्याध्यापक आदल्या दिवशी वर्गात येऊन भिंतीसमोर उभे राहत. ही शाळेची भिंत आहे की पोलीस चौकीची डायरी, असं ते दरवर्षी विचारत. फुलाबिलाचं एखादं नाही का, असंही विचारत. फुलाबद्दल कोणी बोललं की लगेच लिहू, असं बाई सांगायच्या. इतक्या वर्षांत फुलाबद्दल दोघंच बोलले होते, आणि त्यातल्या एकाने फूल तोडलं म्हणून मार खाल्ला होता.

बाईंचं वय छप्पन्न. नोकरीची दोन वर्षं उरलेली. वर्ग पहिलीचा, बेचाळीस मुलं, गल्ल्यांमधून येणारी. कोणाचा बाप भंगार तोडणारा, कोणाची आई कारखान्यात डबे भरणारी. या मुलांना वाचायला शिकवायची बाईंची एक पद्धत होती आणि ती त्यांनी कुठल्या प्रशिक्षणात उचललेली नव्हती. मूल बोलेल ते वाक्य बाई त्याच्या डोळ्यांदेखत पुठ्ठ्यावर लिहायच्या. लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारायच्या: “असंच लिहू?” मुलाने मान हलवली की लिहायचं, काना-मात्रेचाही बदल करायचा नाही. मग मुलाने वाक्याखालून बोट फिरवत ते वाचायचं. मग बाई त्याच वाक्याची दुसरी प्रत कात्रीने कापून शब्द सुटे करायच्या, पत्त्यांसारखे पिसायच्या आणि मुलाने ते पुन्हा जुळवायचे. जो शब्द ओळखू येत नाही तो गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात. दुसऱ्या दिवशी तो डब्यातून काढून त्याची अक्षरं सुटी करायची. ‘मांजर’मधला म आणि ‘मामा’मधला म एकच आहे, हे ज्या दिवशी मुलाला आपलं आपल्याला दिसायचं, त्या दिवशी बाई त्याच्या नावापुढे वहीत टिंब द्यायच्या.

वर्गाचे नियम तीन होते. दर शनिवारी आठवड्याचे पुठ्ठे पाकिटात घालून घरी न्यायचे आणि घरातल्या कोणालातरी वाचून दाखवायचे. पुठ्ठा हरवला तर रडायचं नाही, आपला आपण पुन्हा लिहायचा, मिळेल त्याच्यावर. आणि कोणी लिहिलंय त्यापेक्षा वेगळं वाचलं, तर ज्याला दिसेल त्याने उठून सांगायचं, मग वाचणारं मूल असो की बाई.

या तिन्ही नियमांवर बाईंचा विश्वास होता. तिन्ही एकाच आठवड्यात त्यांच्यावर उलटले.

बाई स्वतः वाचायला शिकल्या त्या मोठ्या काकांच्या हाताखाली. काका रोज संध्याकाळी जेवायच्या आधी पुस्तक उघडायचे. चूक झाली की पुतणीच्या डाव्या हाताच्या बोटांमध्ये पेन्सिल सरकवायची आणि मूठ आवळायची. डावा हात अशासाठी, की उजव्याने लिहिता आलं पाहिजे. काकांचा हिशेब पक्का होता. एकदा आवाज झाला, करवंटी तडकावी तसा, आणि तरीही काकांनी पान संपेपर्यंत मूठ सोडली नाही. बाईंच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. पण त्या वर्षी वर्गात त्यांचा पहिला नंबर आला, आणि बाईंच्या वडिलांनी काकांना नवा सदरा घेतला.

बाविसाव्या वर्षी नोकरी लागली तेव्हा शिकवणं म्हणजे काय हे बाईंना पाठ होतं. छडी खिडकीत, डस्टर टेबलावर. डस्टर लाकडी, कोपऱ्यांना पत्रा मारलेला. चौथ्या वर्षी एक सात वर्षांचा मुलगा फळ्यासमोर उभा होता. एकच अक्षर, सहा वेळा विचारून झालेलं. सातव्यांदा त्याने उत्तर द्यायच्याऐवजी खिडकीबाहेर पाहिलं. डस्टर त्याच्या उजव्या कानावर बसलं. तो रडला नाही, नुसता एका बाजूला कलला, आणि कानातून निघालेली रक्ताची रेघ कॉलरपर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप त्याला घेऊन शाळेत आला. कानात कापूस होता. बाईंनी रात्रभर राजीनाम्याचे शब्द जुळवले होते. बापाने हात जोडले आणि म्हणाला, “चांगलं केलंत बाई. घरी आम्ही कमी पडतो.” मुलगा तोंड वळवून उभा होता, डावा कान पुढे करून. तो आणखी चार महिने आला, मग येईनासा झाला. का ते कोणी विचारलं नाही.

त्या दिवसानंतर बाईंनी हात उचलला नाही असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. त्यांनी पुढे दोन वर्षं मारलं, फक्त मानेच्या खाली.

बदल झाला तो मुतारीमुळे. मुलांच्या मुतारीच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने एका मुलाच्या आईला उद्देशून शिवी लिहिली होती. ते पुसायला बाईंनी ज्याला पाठवलं तो वर्गातला सगळ्यात ढ. पुस्तकातली एक ओळ त्याला वर्षभरात वाचता आली नव्हती. तो परत आला तो डोळे लाल करून, दोन पोरांना लोळवून. विचारलं तर कळलं, शिवी त्याच्याच आईला होती आणि त्याने ती पहिल्या झटक्यात वाचली होती, जोडाक्षरासकट. बाई त्या दुपारी डबा न खाता बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलाला विचारलं, तुला काय लिहायचंय? तो म्हणाला, “मी दोघांचे दात पाडले.” बाईंनी ते चपलांच्या खोक्याच्या झाकणावर लिहिलं. तो पहिला पुठ्ठा. छडी त्यांनी शिपाई मावशींना दिली. मावशींनी तिला जाळी काढायचा ब्रश बांधला.

आता या वर्षाची गोष्ट. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात एक सुतार मुलीचं नाव घालायला तिला घेऊन आला. घरांना दारं बसवणारा, खांदे रुंद, मनगटाला भुसा चिकटलेला, उजव्या कानामागे जाड चपटी पेन्सिल. बाई बोलू लागल्या तशी त्याने मान वळवून डावा कान पुढे केला. बाईंचं पेन थांबलं. सही करायच्या जागी त्याने अंगठा पुढे केला; आकडे येतात, म्हणाला, मापं घेण्यापुरते, अक्षरं नाहीत. शाईचा अंगठा पायजम्याला पुसत त्याने निघताना एवढंच सांगितलं: “हिला मारलंत तरी चालेल बाई. पण हातावर मारा. कानावर नको.”

चेहरा शांत होता. टोमणा नव्हता त्यात. एखाद्याने लाकडाला कुठे गाठ आहे ते दाखवावं, तसं त्याने दाखवलं.

त्या दिवशी बाईंनी मनाशी ठरवलं की निवृत्त होण्याआधी बाकी काही झालं नाही तरी चालेल, या मुलीला वाचता आलं पाहिजे. त्या घरातलं एक माणूस त्यांनी अक्षरांपासून तोडलं होतं. दुसरं तुटू द्यायचं नव्हतं.

मुलगी बोलेना. शाळेत तोंडच उघडेना. पोरांनी दोन दिवसांत तिचं नाव मुकी ठेवलं आणि ते चिकटलं. ती दुसऱ्यांचे पुठ्ठे बघायची, हवेत बोट फिरवायची, खडूचे तुकडे खिशात भरायची. तिची पाळी आली की बाई कोरा पुठ्ठा आणि पेन घेऊन तिच्या शेजारी बसायच्या, मनातल्या मनात दोनशेपर्यंत मोजायच्या आणि “उद्या,” म्हणून उठायच्या. असे तीन महिने गेले. मुख्याध्यापकांनी सुचवलं की हिला विशेष शाळेत धाडू. बाई म्हणाल्या, ही मुकी नाही, हिला अजून तिचं वाक्य सापडलेलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, तुमचं बोलणं मला कधी कळत नाही, पण निकाल चांगला लागतो म्हणून मी गप्प बसतो.

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी मुलीची आई तिला सोडायला आली तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता आणि पट्टीच्या टोकाला तीन बोटांच्या जागी तीन जाड गुंडाळ्या. वाऱ्याने दार आपटलं, असं तिने मावशींना आपणहून सांगितलं. सुतार पीत नसे, जुगार खेळत नसे. त्याची आई हे गल्लीभर सांगत फिरायची. हात मात्र त्याचा सैल होता, आणि हेही गल्लीला माहीत होतं.

दुपारी मुलीची पाळी आली. बाईंचं मोजणं सत्तरच्या आसपास होतं.

“बाबांनी आईची बोटं दारात चेपली,” मुलगी म्हणाली.

आवाज खरखरीत होता, वापरात नसलेला. पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. बाईंच्या हातातलं पेन पुठ्ठ्यापासून दोन बोटं वर होतं. हे लिहिलं तर काय होईल आणि नाही लिहिलं तर काय होईल, हे दोन्ही त्यांना एकदमच दिसलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मुलीने मान हलवली. बाईंनी लिहिलं.

मुलीने बोट फिरवत वाचलं. बाईंनी शब्द कापले, पिसले. ते तिने एका दमात जुळवले. मधल्या सुट्टीआधी तिने ते वाक्य पाटीवर तीनदा लिहिलं होतं, तिसऱ्यांदा न बघता. तीन महिने ती गप्प बसून सगळं शिकतच होती. पुठ्ठा सुतळीवर गेला. सुट्टीत पोरांनी तो वाचला, कोणी हसलं नाही. एक मुलगी म्हणाली, “आमच्यात पण,” आणि डबा उघडून बसली.

बाई त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे गेल्या. पोलिसांना कळवू, म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी दार लावून घेतलं आणि समजावलं की मुलीची आई स्वतःच वारा म्हणतेय, नवऱ्याविरुद्ध बोलणार नाही, आपण तोंडघशी पडू आणि तो मुलीला शाळेतून काढेल. सहामाही परीक्षा होऊ दे, मग बघू. मुलीला शाळेतून काढेल, हे ऐकलं आणि बाई गप्प झाल्या. ही त्यांची पहिली चूक.

दुसरी त्यांनी शनिवारी केली. पाकिटं भरताना त्यांनी मुलीचा पुठ्ठा सुतळीवरून काढला आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवला. घरी आजी आहे, बाप आहे. हे वाक्य त्या घरात मोठ्याने वाचलं गेलं तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको होता. मुलीला त्यांनी काही सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी हा नियम कधी मोडला नव्हता, म्हणून मोडताना काय काळजी घ्यायची हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मुलीने रविवारी पाकीट उघडलं. पुठ्ठा नव्हता. हरवला होता. हरवला तर रडायचं नाही.

सुतार दोन दिवस बाहेरगावी कामावर होता. आजी देवळात बसायला गेलेली. आई औषधाच्या गुंगीत झोपलेली. मुलीने बापाच्या पेटीतली चपटी पेन्सिल घेतली, स्टूल ओढलं, आणि घरात लिहिण्यासारखी सगळ्यात मोठी, गुळगुळीत, रंग न दिलेली जागा होती तिच्यावर लिहिलं. पुढच्या दाराच्या बाहेरच्या अंगावर. ते दार सुताराने स्वतः बनवलं होतं, सागाचं, आणि पॉलिश करायचं राहून गेलं होतं. अक्षरं वीतभर उंचीची आली. एकही चूक नव्हती.

सोमवारी सकाळी आईने ते पाहिलं. ओल्या फडक्याने पुसून बघितलं. पेन्सिल लाकडात बसली होती. अर्धी गल्ली तोवर वाचून गेली होती. आईने पिशवीत दोन कपडे कोंबले, मुलीचा हात धरला आणि शाळेत येऊन वर्गाबाहेरच्या बाकावर बसली. मावशींनी पाणी दिलं. काय झालं, विचारलं. ती म्हणाली, काही नाही, बसते थोडी.

सुतार नऊच्या सुमारास घरी आला. दारासमोर चारपाच बायका उभ्या होत्या, त्याला पाहून पांगल्या. दारावर काहीतरी लिहिलेलं होतं. रंधा मारून काढणं दोन मिनिटांचं काम होतं. पण आधी काय आहे ते कळायला हवं होतं. त्याच्या आईला अक्षरओळख नव्हती. समोरच्या इस्त्रीवाल्याला त्याने बोलावलं, तर तो म्हणाला चष्मा घरी राहिला. चष्मा त्याच्या कपाळावर होता. किराणावाला म्हणाला, पोरांनी काहीबाही खरडलंय, सोड. शेजारणीने दार लावून घेतलं. एवढ्या मोठ्या माणसांना जे वाचता येतं ते त्याला कोणी सांगेना, आणि सगळे त्याच्याकडे बघत मात्र होते. त्याने पेटीतून पेचकस काढला, तिन्ही बिजागऱ्या खोलल्या, दार खांद्यावर घेतलं आणि शाळेकडे निघाला. हातोडी कमरेच्या पट्ट्यात होती.

वर्गात पाढे चालले होते. तो आत आला तेव्हा दाराच्या कडेने चौकटीचा गिलावा खरवडला. त्याने दार फळ्याला टेकवून उभं केलं. बेचाळीस मुलांनी ते वाचलं. काहींचे ओठ हलले. मुलगी तिसऱ्या बाकावर होती. तिची आई बाहेरच्या बाकावरून उठली होती आणि उंबऱ्यात थिजली होती. बाईंनी मावशींकडे पाहिलं आणि हाताने फोनची खूण केली. मावशी पळाल्या.

“वाचा,” सुतार म्हणाला. त्याने डावा कान पुढे केला.

बाईंनी त्याला शांतपणे सांगायचा प्रयत्न केला की ऑफिसात चला, तिथे बसून बोलू. तो हलला नाही. “तुम्ही शिकवलंय ना? मग वाचा. मला सोडून सगळ्यांना वाचता येतं.”

त्या क्षणी बाईंना वाटलं, की हे अजून निभावता येईल. या खोलीत एकच माणूस असा आहे ज्याला हे वाचता येत नाही. दोन सेकंदांचं काम आहे. त्या दाराकडे वळल्या, शिक्षिकेच्या सवयीने बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं, आणि बोट पुढे सरकवत मोठ्याने म्हणाल्या, “बाबांनी हे दार बनवलं.”

सुताराने दाराकडे पाहिलं. त्याचे खांदे थोडे उतरले. तिथे ते संपलं असतं.

दुसऱ्या बाकावरचा मुलगा उठून उभा राहिला. तो वर्गातला सगळ्यात आज्ञाधारक मुलगा होता. “बाई, चुकलं. असं नाही लिहिलंय,” तो म्हणाला.

बाई त्याला बस म्हणाल्या. तो बसला नाही, कारण हा नियम होता. मग आणखी दोघं उठली. मग मुकी उठली, बाकातून बाहेर आली, बापाच्या शेजारून पुढे गेली, आणि दारावर बोट फिरवत, प्रत्येक शब्दाला थांबून, पूर्ण वाक्य वाचलं. वर्गाने तिचा आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. सुताराला तो नीट ऐकू गेला, कारण ती त्याच्या डाव्या अंगाला होती.

त्याने हातोडी कधी काढली ते कोणाला सांगता येईना. बाईंनी पाहिली ती वर गेलेली. त्यांनी मुलीला पोटाशी ओढलं आणि उजवा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. दुसरा घाव दारावर बसला, ‘आईची’ या शब्दावर, आणि सागाची ढलपी उडून पुढच्या बाकावरच्या मुलीच्या गालात घुसली. मग त्याने हातोडी टाकली आणि उघड्या पंजाने बाईंच्या कानावर मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. उजव्याच कानावर. बाई फळ्याखाली बसल्या, मुलगी त्यांच्या मांडीखाली. त्याने लाथ घातली ती बरगडीत. मुलं भिंतीला चिकटून किंचाळत होती. एकाने बाकाखालून पाटी फेकली, ती सुताराच्या कपाळाला लागली आणि रक्त त्याच्या डोळ्यात आलं. उंबऱ्यातून त्याची बायको आली, पट्टी बांधलेला हात त्याच्या गळ्यात अडकवून पाठीवर लटकली. त्याने तिला झटकलं ती टेबलाच्या कोपऱ्यावर. तोवर मुख्याध्यापक आणि वरच्या वर्गाचे दोन मास्तर आले. तिघांना त्याला खाली पाडायला बराच वेळ लागला. मुख्याध्यापकांचा एक दात गेला. सुतळी तुटली होती, पुठ्ठे सगळीकडे पडले होते, आणि त्यांच्यावर पाय पडत होते.

खाली दाबून धरल्यावर सुतार एकदम शांत झाला. तो दाराकडे बघत होता. बाईंना उचलून नेताना त्याने विचारलं, पण कोणाला ते कळलं नाही: “एवढंच लिहिलंय?”

दवाखान्यात संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आला. बाईंचा हात लोखंडी पट्टीवर बांधलेला होता, दोन बरगड्यांना चीर गेलेली, उजव्या कानात शिट्टी वाजत होती. पडदा फाटलाय, ऐकू येईल पण पूर्वीसारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हवालदाराने विचारलं, आरोपीचं तुमच्याशी जुनं काही वैर?

बाई म्हणाल्या, “तो सात वर्षांचा असताना मी डस्टरने त्याचा उजवा कान फोडला. त्याला वाचता येत नाही ते माझ्यामुळे.”

हवालदाराने लिहिलं नाही. ते कशाला आता बाई, म्हणाला, तुमचीच केस पातळ होईल. बाईंनी सांगितलं, जसं बोलले तसं लिहा. त्याने नाइलाजाने लिहिलं. मग बाईंनी वाचून दाखवायला लावलं. ‘फोडला’च्या जागी त्याने ‘दुखावला’ लिहिलं होतं. बाईंनी ते खोडायला लावलं.

शेजारच्या खाटेवर सुताराची बायको होती. तिच्या पाठीला मुका मार होता आणि बोटांची पट्टी बदललेली. हवालदार तिच्याकडे वळला आणि थकलेल्या आवाजात म्हणाला की ताई, दवाखान्याच्या आधीच्या कागदावर तुम्ही वाऱ्याने दार आपटलं असं सांगितलंय. ती छताकडे बघत म्हणाली, “दारावर लिहिलंय तेच. पोरीने चूक केलेली नाही.”

दार पोलिसांनी जप्त केलं. दोन शिपायांना ते पेलवेना, म्हणून भाड्याच्या टेम्पोत घालून नेलं. सुताराला आत ठेवलं. कागदांवर अंगठा घेण्याआधी त्याला ते वाचून दाखवावे लागत, आणि तो प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाकडून पुन्हा वाचून घ्यायचा. मायलेकी शिपाई मावशींच्या घरी राहायला गेल्या, शाळेच्या मागच्या गल्लीत. सुताराची आई तिथे येऊन शिव्या देऊन गेली: कारटीला शिकवली आणि पोराच्या हातात बेड्या. शिव्या देताना ती खिडकीतून नातीसाठी नवे मोजे टाकून गेली.

बाई पाचव्या आठवड्यात शाळेत परतल्या. घरी बसा, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. निवृत्तीचे कागद लवकर करता येतात, असं मुख्याध्यापक नव्या दाताने म्हणाले होते. उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. मुलांनी तुटलेली सुतळी गाठ मारून पुन्हा बांधली होती आणि पायाखाली आलेले पुठ्ठे सरळ करून टांगले होते. एकावर कोणाच्या तरी चपलेचा ठसा होता. खणातला पुठ्ठा बाईंनी काढला आणि मुलीच्या हातात दिला. हरवला नव्हता, म्हणाल्या, मी लपवला होता. मुलीने तो पाहिला, पाकिटात ठेवला.

बदलीवर आलेल्या मास्तरांनी सांगितलं की ही परत गप्पच असते. एक शब्द नाही. पोरं आता तिला मुकी म्हणत नव्हती, एवढाच फरक.

बाई पहिल्या दिवशी तिच्या शेजारी बसल्या, कोरा पुठ्ठा मांडीवर घेऊन, दोनशे मोजले आणि “उद्या,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. मुलीचं बोलणं ऐकू यावं म्हणून बाईंना आता तिच्या डाव्या बाजूला नव्हे, उजव्या बाजूला बसावं लागत होतं. नवव्या दिवशी मोजणं एकशे नव्वदच्या पुढे गेलं होतं. बाईंनी पेनाचं टोपण लावायला घेतलं.

“बाईंनी खोटं वाचलं,” मुलगी म्हणाली. “मग मी वाचलं.”

दुसऱ्या बाकावरचा आज्ञाधारक मुलगा आपल्या नखांकडे बघू लागला. मुलगी बाईंकडे बघत होती, शाळेत नाव घातलं त्या दिवशी तिचा बाप बघत होता तशी: राग नाही, नुसतं बघणं, आता ही काय करते ते.

बाईंनी पेन डाव्या हातात घेतलं. न मिटणाऱ्या दोन बोटांमुळे ते नीट धरता येईना. अंगठा आणि करंगळीच्या बाजूने त्यांनी ते कसंबसं पकडलं.

“असंच लिहू?”

मुलीने मान हलवली.

बाईंनी लिहायला सुरुवात केली. अक्षरं वाकडी आली, पहिलीतल्या मुलाची येतात तशी. ‘खोटं’ वरचा अनुस्वार राहून गेला. मुलीने बोट ठेवून दाखवला, बाईंनी दिला. मग मुलीने बोट फिरवत दोन्ही वाक्यं वाचली, आणि पुठ्ठा घेऊन भिंतीकडे गेली. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते, हे बाईंना आठवत होतं.

सुतळीवर जागा नव्हती. बाईंनी मांजराचा पुठ्ठा थोडा डावीकडे सरकवला आणि तिला चिमटा दिला.